पावशेराचा दगड

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कुणाचे, असे विचारले तर मी गानूमास्तरांचे नाव घेतो. बापाचे नाव त्यानंतर येते. बा आज असता तर त्यालाही याचे वाईट वाटले नसते. "मी तुला खारात घातला, मास्तरनी वर कारला," म्हणजे वर काढला, असे तोच चारचौघांत सांगत असे. आमचे घराणे मिठागरावरचे. बांध घालायचा, पाणी कोंडायचे, मीठ ओढायचे, यापलीकडे आमच्यात कुणी काही शिकले नव्हते. मी शिकलो, मुंबईस जाऊन पदवीधर झालो, आणि पोरांना खनिजांविषयी सांगून पोट भरू लागलो, ते मास्तरांमुळे.

तरी ही आठवण लिहिताना माझा हात मोकळा चालत नाही. तेरा वर्षांचा असताना मी मास्तरांशी खोटे बोललो. एकच शब्द. 'हिरवट' हा तो शब्द. पुढची नऊ वर्षे माझे सगळे शिक्षण त्या शब्दावर उभे राहिले, आणि ती नऊ वर्षे तो कधी उघडा पडेल या धास्तीत मी काढली. मास्तर कसे होते हे कळल्याशिवाय त्या शब्दाचे वजन कळायचे नाही, म्हणून आधी मास्तर सांगतो.

अलिबागेस आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत. उंच, किंचित पोक आलेले, अंगात बारा महिने गुडघ्यापर्यंतचा कोट. कोटाच्या उजव्या खिशात फुटाणे असत आणि डाव्या खिशात प्रयोगशाळा: एक चाकू, एक ढब्बू पैसा, दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक, पांढऱ्या गारगोटीचा तुकडा आणि फुटक्या बशीचे बूड. या दोन खिशांत त्यांचा नेहमी घोळ होई. एकदा वर्गात शिकवता शिकवता त्यांनी फुटाणा म्हणून गारेचा तुकडा तोंडात टाकला. चावल्यावर ते थांबले, गालावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि म्हणाले, "लिहून घ्या. गारेचा कठीणपणा सात. दाताचा पाच."

फुटक्या बशीचे काम मोठे होते. दगडाचा वरचा रंग एक असतो आणि त्याच्या भुकटीचा दुसराच असू शकतो. सोनार कसोटीवर सोने घासतो तसे मास्तर बशीच्या बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासत आणि उमटलेली रेघ पाहत. त्या रेघेच्या रंगाला ते कस म्हणत. "दगड अंगाने खोटं बोलेल, कसाने बोलणार नाही," हे त्यांचे आवडते वाक्य. बंदरावरच्या चहावाल्याच्या हातून बशी फुटली की तो तुकडे मास्तरांसाठी जपून ठेवी. ब्राह्मणाने बंदरावरच्या बशांचे तुकडे खिशात घालून हिंडावे, यावर आळीत बोलणी होत. मास्तरांचे उत्तर ठरलेले होते. "बशीचं बूड कोणी उष्टं करीत नाही."

त्यांच्याजवळ तांबड्या कापडी बांधणीची एक लांब वही होती. रंग, कस, चकाकी, कठीणपणा, फूट म्हणजे दगड कसा फुटतो ते, जडपणा, आणि आगीत व तेजाबात त्याचे काय होते ते, असे सात रकाने. आठवा रकाना नावाचा. नववा 'पाहणारा' असा, त्यात ज्याने पाहिले त्याचे नाव. पहिले सात भरल्याशिवाय आठव्याला हात लावायचा नाही. वर्गात दगड फिरवला आणि एखादा पोरगा घाईने नाव सांगून बसला की मास्तर भडकत. "अरे, पोर जन्माला आलं की आपण बाराव्या दिवशी बारसं करतो. आधी नाकडोळे बघतो, रडतं कसं ते ऐकतो. पोटात असतानाच नाव ठेवतोस, गाढवा!" मग त्या पोराला अंगणात जाऊन नारळाचे सात गुण लिहून आणावे लागत.

माणसांनाही ते याच रकान्यांत बसवीत. आमच्या हेडमास्तरांविषयी त्यांचे मत, "चकाकी काचेची, कठीणपणा खडूचा." ते हेडमास्तरांच्या कानावर गेले आणि मास्तरांना जाब विचारला गेला. मास्तर म्हणाले, "खडूवाचून शाळा चालेल का, साहेब?" स्वतःविषयी विचारले तर म्हणत, "मी काळा पाषाण. या किनाऱ्यावर पैशाला पासरी."

मी त्यांना सापडलो तो मिठामुळे. बा मिठाची गाडी घेऊन अलिबागेस आला होता आणि मी गोणींवर बसलो होतो. कोटवाल्या एका माणसाने गाडी थांबवली, गोणीतून सांडलेला एक मोठा खडा उचलला आणि उन्हात फिरवू लागला.

"मीठ हाय मास्तर," बा म्हणाला. "खाऊन बघा."

"खाऊन सगळेच बघतात," मास्तर म्हणाले आणि खडा माझ्यापुढे धरला. "काय रे, हा फोडला तर कसा फुटेल?"

"चौकोनीच."

"आणि त्यातला तुकडा फोडला तर?"

"त्यो पन चौकोनी. कवराबी बारीक करा."

"कोणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाय. बघितला."

मास्तरांनी माझ्याकडे असे पाहिले की मला वाटले, माझे काहीतरी चुकले. मग ते बाच्याकडे वळले. "याला शाळेत घाल."

"आन् मीठ कोन ओरील?"

"मीठ ओढणारे पुष्कळ आहेत रे. बघणारा मला एक मिळत नाही."

बा घरी येऊन आईला म्हणाला, "मास्तर येरा हाय." वेड्याला आमच्यात येरा म्हणतात. पण पुढच्या जूनमध्ये त्यानेच मला एक वळकटी देऊन मास्तरांच्या ओटीवर आणून सोडले. मास्तर विधुर होते. स्वतः रांधत, स्वतः वाढत, आणि मला आपल्या पंक्तीला घेत. त्यावरही बोलणी झाली. ती त्यांनी मला कधी कळू दिली नाहीत. मला ती शेजारच्या पोरांकडून कळली. तेव्हापासून माझ्या मनात एक भीती बसली, की या माणसाचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर मला मिठागराशिवाय दुसरी जागा नाही.

मास्तरांची एक खोड आम्हां पोरांना गमतीची वाटे. ते रंग कधी स्वतः सांगत नसत. दगड असो, फूल असो, प्रत्येक वेळी एखाद्या मुलाला उभा करून विचारीत, "रंग सांग." बाजारात माझ्यापुढे मिरची धरीत. "ही कशी दिसते तुला?" मी लाल म्हटले की मान डोलावून घेत, हिरवी म्हटले की परत ठेवीत. आम्हांला वाटे, मास्तर सतत आमची परीक्षा घेतात.

आता तो दगड. बाजारात काशीबाई नावाची एक बाई चिंच घेऊन बसे. तिच्या तराजूत पावशेराचे वजन म्हणून एक काळा दगड होता, जेमतेम अंड्याएवढा. शेरासाठी लोखंडाचे वजन होते, पण पावशेराला हाच. एका सकाळी एका वकिलाचा कारकून तिच्याशी भांडत होता.

"हा पावशेर? एवढासा? काशीबाई, लोकांना लुटतेस तू!"

"लुटते तं दुसरीकरं जा की! दगर लहान दिसतो, पन भारी हाय. तुज्यावानी न्हाय, दिसाला मोटा आन् आत पोकल."

लोक हसले. मास्तर माझ्याबरोबर कोथिंबीर घेत होते, ते मध्ये शिरले आणि दगड तळहातावर घेतला. हात दोनदा खालीवर केला. मग कुणाला काही न सांगता ते दगडासकट समोरच्या सोनाराच्या दुकानात गेले. त्यांच्यामागे काशीबाई, तिच्यामागे कारकून, आणि सगळ्यांच्या मागे मी. सोनाराच्या काट्यावर दगड पावशेर भरला, गुंजेचाही फरक नाही. कारकून निमूटपणे चिंच घेऊन गेला. मास्तर मात्र तिथेच राहिले. त्यांनी दगड दोऱ्याला टांगून तांब्यातल्या पाण्यात सोडला आणि तसाच पुन्हा तोलायला लावला.

"आपला काळा पाषाण पाण्यात तिसरा हिस्सा हलका होतो," ते मला हळूच म्हणाले. "हा चौथाच हिस्सा हलका झाला. हा आपल्याकडचा नाही."

काशीबाईने सांगितले की दगड तिच्या नवऱ्याने खाडीच्या तोंडावरून आणला. रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून तळाशी दगड भरतात, त्याला नीरम म्हणतात. कुठल्यातरी परदेशी जहाजाने तिथे आपले नीरम टाकले होते, त्यातला हा.

"हा मला दे," मास्तर म्हणाले.

"आन् मी काय डोक्यानं तोलू?"

मास्तरांनी तिला लोखंडी पावशेर आणून दिला. तिने तो नाक मुरडून घेतला. "खाऱ्या हवेत लोखंड झिजतं मास्तर. दगर झिजत न्हाय. बघा हां."

पुढचे दोन महिने आमच्या ओटीवर दुसरा विषय नव्हता. मास्तरांकडे वाळवीने कडा खाल्लेले एक इंग्रजी खनिजांचे पुस्तक होते. त्यातून त्यांनी दोन नावे काढली. दोन्ही काळी, दोन्ही जड, दोन्ही सिलिकेट. "म्हणजे वाळूच्या गोत्रातली," ते मला समजावीत. "आणि दोघांच्या पोटात दुर्मिळ मातीचे धातू. पण कुळं निराळी. एक गॅडोलिनाइट, फार क्वचित सापडणारं. दुसरं ॲलानाइट, ते जगात ठिकठिकाणी आहे." ते मनातल्या मनात कोणाच्या बाजूने होते हे मलाही कळत होते. तीस वर्षे या किनाऱ्यावर काळ्या पाषाणाखेरीज काही हाती न लागलेल्या माणसाच्या हाती हे आले होते.

एकेक गुण तपासला तरी निकाल लागेना. दोघेही काचेवर चरा पाडणारे, दोघेही गारेपुढे हरणारे. दोघेही शिंपल्याच्या पाठीसारखे गुळगुळीत फुटणारे. कणभर भुकटी तेजाबात टाकली तर तिचे खरवसासारखे थलथलीत झाले. मास्तर टाळी वाजवून उठले आणि पुस्तक पाहून पुन्हा बसले, कारण दोघांचेही तसेच होते. चकाकी काचेची म्हणावी तर चिंचेच्या हातांनी वर्षानुवर्षे पुसून कुठलाही दगड चकाकेल. राहिले दोन रकाने, कस आणि आग. आगीची गोष्ट विलक्षण होती. गॅडोलिनाइटची आतली घडण काळाने मोडून गेलेली असते, वरचे रूप तेवढे तसेच राहते. ते तापवले की आतली घडण एकदम सावरते आणि दगड आतून पेटल्यासारखा उजळतो. पण एकदाच. तोच तुकडा पुन्हा कितीही तापवा, काही दिसत नाही.

"एकदाच उजळणारी गोष्ट घाईने उजळू नये," मास्तर म्हणाले. "दगड फोडावा लागेल. शिवाय मला दमा, फुंकनळी सोसत नाही. तू मोठा हो, तू कर. आधी कस पाहू."

त्या दुपारी त्यांनी पुस्तक मांडीवर घेतले आणि मोठ्याने मराठी करून वाचले, "गॅडोलिनाइट. कस हिरवट करडा." मग बशीच्या बुडावर दगड जोराने घासला आणि बशीचा तुकडा माझ्या हातात दिला. त्यांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.

"सांग. कस कोणता?"

रेघ तपकिरी होती. वाळलेल्या सुपारीच्या सालीसारखी. मी ती उजेडात धरली, सावलीत धरली. ती तपकिरीच होती. मला वाटले, पुस्तक माझ्यापेक्षा शहाणे. मास्तर स्वतः पाहताहेतच. चुकत असेल तर माझेच. आणि खांद्यावरचा तो हात.

"हिरवट करडा," मी म्हणालो.

मास्तरांनी डोळे मिटले. मग वही ओढली आणि कसाच्या रकान्यात लिहिले. आगीचा रकाना कोरा असताना आठव्या रकान्यात नावही लिहिले, आणि नवव्यात माझे. ज्यांनी नाव आधी घेणाऱ्या पोरांना जन्मभर अंगणात पाठवले, त्यांनी त्या दिवशी बाराव्या दिवसाची वाट पाहिली नाही. त्यांनी मला मूठभर फुटाणे दिले, त्यात एक चुंबक निघाला. बशीचा तो तुकडा मी चोरून माझ्या वळकटीत ठेवला. का ठेवला ते तेव्हा कळले नाही. रात्री कुणी तो शोधून काढील असे भय वाटे, आणि फेकवतही नसे.

त्या दिवसापासून मास्तर मला 'माझे डोळे' म्हणू लागले. पाहुण्यांना सांगत, शाळेत सांगत. मी मॅट्रिक झालो तेव्हा मुंबईच्या कॉलेजास त्यांनी एक शिफारसपत्र लिहिले आणि पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखवले. "या मुलाच्या नजरेत खोट नाही." मी नमस्कारासाठी वाकलो तो बराच वेळ वर उठलोच नाही. मास्तरांना वाटले, मला गहिवरून आले.

मुंबईस प्रकाशावरच्या एका तासाला प्राध्यापक सहज म्हणाले की काही माणसांना जन्मतःच हिरवा, तांबडा आणि तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. अशी माणसे पुष्कळदा ते लपवतात, इतरांना विचारून वेळ निभावतात. माझी पेन्सिल थांबली. मिरच्या आठवल्या. वर्गात एकेका मुलाला उभे करणे आठवले. त्या तासाला मी पुढे काही उतरून घेतले नाही. मास्तर माझी परीक्षा कधीच घेत नव्हते. त्यांना दिसत नव्हते, म्हणून ते मला विचारीत होते.

शेवटच्या वर्षाला असताना मला एक पुडके आले. आत हिंगाची डबी, डबीत कापसात गुंडाळलेला वाटाण्याएवढा काळा तुकडा. सोबतच्या पत्रात मास्तरांनी लिहिले होते की आता मोतीबिंदू वाढतो आहे, म्हणून काम उरकायचे ठरवले. दगडाविषयी एक टिपण मुंबईच्या एका संग्रहालयाकडे पाठवायचे तयार आहे, आणि त्यात 'कस माझ्या विद्यार्थ्याने निर्दोष नजरेने पाहिला' असे माझ्या नावासह घातले आहे. "फक्त आगीचा रकाना राहिला. दगडाचा एवढाच तुकडा फोडला आहे. एकदाच उजळेल, पापणी लववू नकोस. तुझे पत्र आले की टिपण टपालात टाकतो."

प्रयोगशाळेत मी आधी तुकडा चिनी मातीच्या पट्टीवर घासला. शेजारच्या मुलाला काही न सांगता विचारले, "रंग सांग रे." तो म्हणाला, "तपकिरी. का? तुला दिसत नाही?" मग तुकडा कोळशाच्या खाचेत ठेवला आणि फुंकनळीने ज्योत त्यावर धरली. उजळ, उजळ, असे मी मनात म्हणत होतो. कस खोटा ठरला तरी चालेल, पण तू उजळ. तुकडा उजळला नाही. तो लाहीसारखा फुगला, त्याला फेस आला, आणि वितळून त्याचा काळ्या काचेसारखा मणी झाला. चुंबक जवळ नेला तर मणी सरकत आला. ते ॲलानाइट होते. त्याच वाळूच्या गोत्रातले, त्याच दुर्मिळ मातीचे, पण मास्तरांना हवे होते ते नव्हे.

तुकडा संपला होता. उजळला असे मी लिहिले असते तर मला खोटे पाडायला जगात काही उरले नव्हते. संग्रहालयातल्या कुणी दगड पुन्हा तपासला तर हसे मास्तरांचे होणार होते, आणि कुणी न तपासला तर मास्तर समाधानाने डोळे मिटणार होते. खरे लिहिले तर एकट्या दगडाचे लिहून भागणार नव्हते. हिरवट शब्दाचे लिहावे लागणार होते. मी पत्रे लिहिली आणि फाडली. एका पत्रात मी चक्क प्रकाशाचे वर्णन केले होते, 'अंगारासारखा' असा शब्दसुद्धा घातला होता. तिकडून एक कार्ड आले. त्यावर दोनच शब्द होते. "उजळला का?" खोलीतल्या सोबत्याने ते वाचून विचारले, "काय रे, घरचा कंदील बिघडलाय वाटतं?" मी हसू शकलो नाही. आठवड्याने तसेच दुसरे कार्ड आले. अक्षर पहिल्याहून वेडेवाकडे होते. त्या संध्याकाळी मी पत्र पुरे केले, पुडके बांधले आणि टपालपेटीत टाकले. पेटीत हात घालून ते परत काढता येते का, हेही मी पाहिले.

उत्तर आले नाही. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीत मी रेवसच्या बोटीने निघालो. अलिबागेस उतरलो तर पाय मास्तरांच्या घराकडे वळेनात, म्हणून आधी बाजारात गेलो. काशीबाई चिंच तोलत होती. तिच्या पारड्यात तो काळा दगड होता, आणि त्याला सुतळीने एक गंजका खिळा बांधला होता.

"हा इथे कसा?" मी विचारले.

"तुज्या मास्तरनी आनून दिला. गनपतीच्या आदी. म्हनले, काशीबाय, तोलाला हा खरा हाय, तुज्याकरं ऱ्हावं दे. पन बघ, कुरतारलाय कसा मेल्यानं! आता खिला बांदून पावशेर भरवते."

मी मास्तरांच्या ओटीवर चढलो. ते झोपाळ्यावर बसले होते. डोळ्यांत दुधासारखी झाक आली होती. पावलांवरून त्यांनी मला ओळखले.

"आलास? सदऱ्याचा रंग कोणता रे?"

"पांढरा, मास्तर." मग मी म्हणालो, "कॉलर मळली आहे."

"बस," ते म्हणाले. "भात टाकतो."

पत्राविषयी ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि पुढे कधीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बाजारात नेले आणि माझ्यापुढे मिरची धरली. टिपण त्यांनी पाठवले नव्हते एवढे मला कळले. त्यांच्या मनात काय होते ते कळले नाही. मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, तरी त्यांच्यासमोर बसताना माझे अंग आखडलेले असे.

ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने मला तांबड्या बांधणीची वही पाठवली. मी ते पान शोधले. पहिल्या ओळीवर कुठेही काट नव्हती. कस हिरवट करडा, नाव गॅडोलिनाइट, पाहणारा म्हणून माझे नाव, सगळे जसेच्या तसे. समासात लिहिले होते, "पुस्तक मी आधी वाचून दाखविले. चूक माझी." खाली वेड्यावाकड्या अक्षरांत दुसरी ओळ होती. कस तपकिरी. आगीत फुगतो, काळा मणी, चुंबकास लागतो. नाव ॲलानाइट. आणि नवव्या रकान्यात, "पाहणारा: तोच."

पानाच्या पाठीमागे माझे पत्र डिंकाने चिकटवलेले होते. ते इथे उतरून देतो.

मुंबई

तीर्थस्वरूप मास्तरांचे चरणी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

उत्तरास उशीर झाला याची क्षमा असावी. प्रयोग तुकडा आला त्याच दिवशी केला होता. उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला.

तुकडा उजळला नाही. मी पापणी लववली नव्हती. तो फुगला, फेसाळला आणि वितळून काळा मणी झाला. मणी चुंबकाकडे ओढला जातो. तो हिंगाच्या डबीत घालून सोबत पाठवीत आहे. पुस्तकात ही लक्षणे ॲलानाइटची दिली आहेत. आपण टिपण पाठवू नये अशी विनंती आहे.

दुसरी गोष्ट लिहिणे अवघड आहे. ओटीवर आपण बशी माझ्या हातात दिलीत त्या दिवशी मला जे दिसले ते मी सांगितले नाही. पुस्तकात होते ते सांगितले. आपण मला परत मिठागरावर पाठवाल या भीतीने सांगितले असेल, किंवा आपणांस आनंद व्हावा म्हणून. नक्की कोणते ते मला ठाऊक नाही, आणि नक्की पाहिले नाही ते लिहू नये असे आपणच शिकवले आहे.

आपण आम्हांस रंग का विचारीत होता हे मला तेव्हा कळत नव्हते. आता कळते. त्यामुळे लाज अधिक वाटते. आपण मला आपले डोळे म्हणत होता.

शिफारसपत्रातले वाक्य परत घ्यावे असे आपणांस वाटल्यास प्राचार्यांना मी स्वतः जाऊन सांगेन. वहीत पाहणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव आहे, ते आपण खोडावे.

त्या दिवशीचा बशीचा तुकडा मी न विचारता नेला होता. नऊ वर्षे माझ्या ट्रंकेत आहे. रेघ अजून पुसलेली नाही. तोही सोबत पाठवीत आहे. ज्याच्या नजरेवर आपला विश्वास असेल अशा कुणालाही तो दाखवावा आणि विचारावे. माझ्यावर विसंबू नये. पण मला अजून एकदा विचारलेत, तर मी एवढेच सांगेन.

कस तपकिरी आहे. तेव्हाही तपकिरीच होता.

आपला विद्यार्थी